चिनी माध्यमातून शिकताना : अर्धवाहक आणि पान-ताओ-थी

काजवा | रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. गेल्या आठवड्यात निलंग्याहून ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. "दादा, तिकडं तैवानला वर्गात सगळं चिनीत शिकवतात म्हणं. मग आपल्यासारख्यानं यावं का?" आपल्यासारखा म्हणजे मराठी शाळेतला. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितो. त्यालाही हाच दुवा पाठवणार आहे.

आधी माझी माहिती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी सायन्सला इंग्रजी, पुढे इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीई, दोन वर्षं नोकरी. सप्टेंबर २०२३ मध्ये तैवानला आलो. पहिले नऊ महिने तैपेईत फक्त भाषा शिकलो. २०२४ च्या सप्टेंबरपासून इथल्याच सिंचू शहरात मास्टर्स करतोय, विषय सेमीकंडक्टर उपकरणं, म्हणजे ज्यांपासून चिप बनते ती. इथे इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रमही आहेत. पण मला ज्या प्रक्रिया शिकायच्या होत्या त्यांचे तास चिनीतूनच होते आणि ज्या सरांकडे काम करायचं होतं त्यांच्या प्रयोगशाळेत सगळं बोलणं चिनीत. म्हणून मी जाणूनबुजून चिनी माध्यम घेतलं.

पहिला तास कधी विसरणार नाही. सकाळचे नऊ. ५० मिनिटांचे तीन तास सलग, मध्ये दहा-दहा मिनिटांची सुट्टी. पुस्तक इंग्रजी, पडद्यावरच्या स्लाइड इंग्रजी आणि सर मात्र बोलणार चिनी. इथल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या वर्गांत हे अगदी नेहमीचं आहे. नऊ महिने रोज भाषा शिकलो होतो, परीक्षेत बी-१ म्हणजे मध्यम पातळी मिळाली होती. तरी त्या दिवशी मला ऐकू आले ते दोनच शब्द : 'रान-हो' म्हणजे 'मग' आणि 'च्यू-श' म्हणजे 'म्हणजेच'. मग... म्हणजेच... मग... म्हणजेच. मधलं सगळं वाहून गेलं. भाषावर्गातल्या बाई आमच्यासाठी सावकाश बोलायच्या, प्रत्येक शब्द सुटा करून. सर काही माझ्यासाठी बोलत नव्हते. समोर चाळीस मुलं होती, ते त्यांच्याशी बोलत होते. फळ्यावरचं अक्षर तर आपल्या तलाठ्याच्या जुन्या मोडीसारखं, एकाला एक जोडलेलं. छापील लिपी शिकलेल्याला ते वाचताच येत नाही. खोलीवर येऊन मी अकरावीतल्यासारखा रडलो. हे मोकळेपणानं लिहितोय, कारण ज्याच्यावर ही वेळ येईल त्याला आधीच माहीत असलेलं बरं.

अकरावीचं नाव काढलं त्याला कारण आहे. मराठीतून इंग्रजीत गेलेल्या प्रत्येकाला ते वर्ष ठाऊक असतं. विषय तोच, शिक्षक चांगले, पण शब्द अनोळखी झाले की आपण अचानक मठ्ठ ठरतो. 'व्हेक्टर' काय असतं ते मला दोन महिने कळलं नव्हतं. 'सदिश राशी' मात्र नववीतच कळली होती.

आता मुख्य गोष्ट. साधारण तिसऱ्या आठवड्यात मी त्या दिवसाचे शब्द वहीत उतरवत होतो. सेमीकंडक्टरला चिनीत म्हणतात पान-ताओ-थी. सुट्या अक्षरांचे अर्थ लिहायची सवय भाषावर्गात लागली होती. पान म्हणजे अर्धा. ताओ म्हणजे वाहून नेणे, वाट दाखवणे. थी म्हणजे पिंड, वस्तू. अर्धा वाहणारा पदार्थ. मी पेन खाली ठेवलं. अर्धवाहक! दहावीच्या पुस्तकातला शब्द, जो अकरावीनंतर मी एकदाही उच्चारला नव्हता.

मग नादच लागला. व्हेक्टर : श्यांग-ल्यांग, म्हणजे दिशा आणि राशी. सदिश राशी. प्रकाशसंश्लेषण : क्वांग-ह-त्सुओ-योंग, प्रकाशानं जुळण्याची क्रिया. आमच्या भाषावर्गात बाई रोज दहा मिनिटं शब्द सांगायच्या आणि आम्ही लिहायचो, त्याला नाव थिंग-श्ये. थिंग म्हणजे ऐकणं, श्ये म्हणजे लिहिणं. श्रुतलेखन. प्राथमिक शाळेत गुरुजी घ्यायचे तेच, नावासकट.

तेव्हापासून माझ्या वहीत तीन रकाने आहेत : मराठी, इंग्रजी, चिनी. इंग्रजीतून चिनी पाठ करत होतो तेव्हा दिवसाला पंधरा शब्द जेमतेम राहायचे. मराठीतून जायला लागलो आणि अर्थ धरून शब्द यायला लागले. शाळेत जे शब्द 'पुढे काय उपयोगाचे' म्हणून सोडून दिले होते, त्यांनीच मला इथे उभं केलं.

उच्चारांतही मराठीचा उपयोग झाला. रोमन लिपीत लिहिलेली चिनी वाचताना फसगत होते, कारण तिथला 'बी' हा आपला ब नाही, तो प आहे, आणि 'पी' म्हणजे फळातला फ, दोन्ही ओठ मिटून काढलेला. तसंच त-थ आणि क-ख. श्वास सोडायचा की नाही एवढाच फरक, आणि तो आपल्या वर्णमालेत जन्मापासून आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपले दोन च. चिमणीतला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. चिनीत हे दोन्ही स्वतंत्र आहेत, आणि जीभ टाळूकडे वळवून काढायचा तिसराही आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना चमच्याच्या च साठी महिनाभर घासावं लागलं. मला पहिल्या दिवशी आला. तैवानमध्ये मुलांना आधी बो-पो-मो-फो नावाची ३७ चिन्हं शिकवतात. तीही आपल्या वर्गांसारखी उच्चारस्थानानुसार लावलेली आहेत. फक्त आपण कंठापासून सुरू करतो, ते ओठांपासून.

सूर मात्र कठीण. चार सूर आणि एक हलका. 'माय' तिसऱ्या सुरात म्हटलं की विकत घेणं, चौथ्या सुरात विकणं. इथे मराठीची काहीच मदत नाही. रोज मोठ्यानं वाचायचं, दुसरा उपाय मला सापडला नाही.

बाकी जेवण, पैसे, राहणं याबद्दल विचाराल तसं लिहीन.


रानजाई | सोमवार, सकाळी ७.३५

काजवा, वाचताना अंगावर काटा आला. मी चीनमध्ये थ्येनचिनला होते, पदवीसाठी, रसायनशास्त्र. पूर्ण चिनी माध्यम. सरकारी शिष्यवृत्तीवर पदवीला जाणाऱ्यांना आधी एक वर्ष 'यू-ख' करावं लागतं, पूर्वतयारीचं वर्ष. त्यात भाषेबरोबर गणित, भौतिक, रसायनचे चिनी शब्दही शिकवतात. मी २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गेले. वर्षअखेरीची परीक्षा पास झाल्याशिवाय पुढे प्रवेश नाही.

तुझ्या वहीत माझ्याकडून भर घाल. चिनीत प्रत्येक मूलद्रव्याला एकच अक्षर आहे आणि त्या अक्षरातच त्याची जात कळते. धातू असेल तर कडेला 'धातू'चं चिन्ह, वायू असेल तर डोक्यावर 'हवे'चं, घन अधातू असेल तर 'दगडा'चं. ब्रोमीन द्रव आहे म्हणून त्याला 'पाण्या'चं चिन्ह. पारा धातू असूनही त्याच्या अक्षरात खाली पाणी आहे. आवर्तसारणी पाठ करावी लागत नाही, बघता बघता वाचता येते.

आणि ऑक्सिजनला म्हणतात यांग. हा उच्चार आला 'पोसणे' या अर्थाच्या शब्दावरून, पोसणारी हवा म्हणून. आपण काय म्हणतो? प्राणवायू. हायड्रोजन म्हणजे छिंग, 'हलका' या शब्दावरून. मला हे यू-खच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी मागच्या बाकावरून मोठ्यानं "प्राणवायू" म्हणाले होते. सरांनी फळ्यावर लिहायला सांगितलं. थ्येनचिनमधल्या त्या फळ्यावर देवनागरीत 'प्राणवायू' दिवसभर राहिलं, कुणी पुसलं नाही.

माझी कहाणी पुढे बिघडली. जानेवारी २०२० मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीला महिनाभर म्हणून घरी आले आणि परत जाता आलं नाही. ऑगस्ट २०२२ च्या शेवटी विद्यार्थी व्हिसा पुन्हा सुरू झाले. मधली अडीच वर्षं सगळे तास ऑनलाइन. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले साडेपाच. अंधारात उठायचं, आई शेगडीवर चहा ठेवायची आणि मी ओट्याशेजारी बसून चिनीतून भौतिक रसायन ऐकायची, कारण मोबाइलला रेंज तिथेच यायची. आवाज तुटला की वाक्यातला सूर तुटतो, आणि सूर तुटला की शब्दच वेगळा होतो. ध्वनिमुद्रण मिळेल का असं विचारलं तर काही शिक्षक द्यायचे, काही नाही. त्या काळात माझी वाचायची चिनी वाढली आणि बोलायची गेली. २०२२ च्या हिवाळ्याआधी परत पोचले तेव्हा कॅन्टीनच्या खिडकीवर भात मागताना अडखळले. शेवटचं वर्ष तिथे पूर्ण केलं, पण प्रयोगशाळेत हातानं करायची दोन-अडीच वर्षं गेली ती गेलीच. त्याचं दुःख आजही आहे.


लेकीची_आई | सोमवार, दुपारी २.०५

सगळ्यांना नमस्कार. माझी मुलगी बारावीला आहे. तिला डॉक्टर व्हायचंय. एका एजंटनं सांगितलं की चीनमध्ये चिनी माध्यमातून एमबीबीएस केलं तर फी बरीच कमी पडते, आणि पहिल्या वर्षी भाषा तेच शिकवतात. आम्ही दोघं नोकरदार, खर्चाचा विचार करावाच लागतो. काजवा आणि रानजाई यांचं वाचून धीर आला. मुलगी हुशार आहे, भाषा शिकेल. पाठवावं का?


उत्तररंग | सोमवार, दुपारी ३.२०

काकू, कृपा करून पैसे भरू नका, आधी हे वाचा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे परदेशी वैद्यकीय पदवीसाठीचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ चे आहेत. त्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत : अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. चिनी माध्यमातून एमबीबीएस केलं तर भारतात परत येऊन नोंदणी मिळणार नाही. ती कितीही हुशार असो, चिनी कितीही चांगली शिको. काजवा आणि रानजाई अभियांत्रिकी आणि विज्ञान शिकले, त्यांना हा नियम लागू नाही. एजंटनं हे सांगितलं नसेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

मी स्वतः चीनमध्ये इंग्रजी माध्यमातून शिकतोय, चौथं वर्ष. आमच्याकडेही चिनी शिकावीच लागते. वर्ग इंग्रजीत असले तरी वॉर्डातला पेशंट इंग्रजी बोलत नाही. त्याला काय होतंय ते त्याच्या शब्दांत कळलं नाही तर आपण तिथे उभं राहून काय उपयोग? पहिल्या वर्षी मी भाषेकडे दुर्लक्ष केलं, तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर त्याची किंमत मोजली.

एक प्रसंग सांगतो. एक आजी मांडीवर हात ठेवून सारखं 'स्वान, स्वान' म्हणत होत्या. स्वान म्हणजे आंबट. मी गोंधळलो. आमच्या वरिष्ठ डॉक्टर ताईंनी समजावलं की दुखण्याचेही प्रकार असतात : 'थंग' म्हणजे सरळ दुखणं, 'मा' म्हणजे बधिर, मुंग्या आल्यासारखं, 'चांग' म्हणजे फुगल्यासारखं, आणि 'स्वान' म्हणजे स्नायू थकून जड होतात ते. आणि मला आमची आजी आठवली. शेतातून आली की म्हणायची, "पाय आंबून गेले रे." आंबट आणि आंबणं. तेव्हापासून तो शब्द चुकला नाही.


लेकीची_आई | सोमवार, रात्री ९.५०

उत्तररंग, तुमचे उपकार कसे मानू. नियमाचं कुणीच बोललं नव्हतं. परवा पन्नास हजार भरणार होतो. यांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले. आम्ही तिथे जाणार नाही.


हिशेबी | मंगळवार, सकाळी १०.१५

काजवा यांच्या भावना समजतात, पण थोडं उलट बोलतो. भाषेसाठी नऊ महिने ते एक वर्ष, त्यानंतर पहिलं सत्र निम्मं डोक्यावरून जाणार, म्हणजे दीड वर्ष. पंचविशीतल्या मुलासाठी दीड वर्षाचा पगार ही लहान गोष्ट नाही. इंग्रजी माध्यमातून तीच पदवी मिळत असेल तर हा वळसा कशाला? आणि पुढे भारतात परत आलात तर त्या चिनीचं काय करणार?


मुक्काम_तैपेई | मंगळवार, दुपारी १२.४०

हिशेबी, मी नेमकी तुमच्या सल्ल्याप्रमाणे गेले होते, म्हणून उत्तर देते. इंग्रजी माध्यमाचा मास्टर्स, तैपेईत. चिनी शून्य. कागदावर सगळं इंग्रजी होतं आणि तासही इंग्रजीतच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या प्रयोगशाळेची दर आठवड्याची बैठक चिनीत. कुणी काय चूक केली, कुठलं यंत्र बंद आहे, कुणाचा प्रयोग का फसला, हे सगळं ज्ञान त्या दीड तासात वाटलं जायचं आणि मी तिथे बसून लॅपटॉपकडे बघायची. शेवटी कुणीतरी मला दोन वाक्यांत सारांश सांगायचं. त्यांचं वाईट नव्हतं, सगळे प्रेमळ होते. पण दोन वाक्यांत दीड तास बसत नाही.

अजून एक. पदवीनंतर नोकरी शोधताना मुलाखत इंग्रजीत झाली आणि शेवटी विचारलं, "चिनी कितपत येतं?" तीन ठिकाणी तिथेच थांबले. आता नोकरी आहे, पण संध्याकाळी भाषावर्गाला जाते. जे नऊ महिन्यांत व्हायचं त्याला तीन वर्षं लागतायत.


काजवा | मंगळवार, रात्री १०.३०

हिशेबी, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. ज्याच्यावर घरचं कर्ज आहे, ज्याला दोन वर्षांत कमावतं व्हायलाच हवं, त्यानं इंग्रजी माध्यम घ्यावं. मलाही भाषेच्या वर्षासाठी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून जमलं. तैवान सरकारची हुआयू शिष्यवृत्ती फक्त भाषा शिकण्यासाठी असते, दोन महिन्यांपासून वर्षभरापर्यंत. आठवड्याला किमान १५ तास वर्ग करावे लागतात. ती नसती तर मी आलो नसतो.

भारतात चिनीचं काय करणार, याचं उत्तर मात्र देतो. गुजरातमध्ये ढोलेराला मार्च २०२४ मध्ये ज्या चिप कारखान्याची पायाभरणी झाली, त्यात टाटांबरोबर सिंचूचीच पॉवरचिप कंपनी आहे. यंत्राची माहिती पुस्तकात इंग्रजीत असते, पण यंत्र बिघडलं की त्याच्याजवळ उभा असलेला, वीस वर्षं अनुभव असलेला माणूस काय पुटपुटतो ते चिनीत असतं. मला ते ऐकायचं आहे.

वळशाचं म्हणाल तर वळसा आहेच. माझ्या पहिल्या सहामाहीच्या परीक्षेचं सांगतो. मॅट्रिक्सचे, म्हणजे आकड्यांच्या आडव्या-उभ्या मांडणीचे, शब्द मी घाईत चीनमधल्या ऑनलाइन व्हिडिओंवरून शिकलो होतो. तिथे आडव्या ओळीला 'हांग' म्हणतात आणि उभ्या रकान्याला 'लिये'. तैवानमध्ये नेमकं उलटं! आडवी ती लिये, उभी ती हांग. प्रश्नपत्रिका चिनीत होती. मी दोन पूर्ण प्रश्नांत रांगांच्या जागी रकाने धरून सोडवले. गणित बरोबर, उत्तर चूक. कागद हातात आला तेव्हा पायाखालची जमीन सरकली. चू-च्याव, म्हणजे वर्गाला मदत करणारा वरिष्ठ विद्यार्थी, त्यानं मला बाजूला घेऊन इथल्या मुलांना शिकवतात तो चार अक्षरी मंत्र दिला : हंग-लिये, च-हांग. आडवी लिये, उभी हांग. गुण मिळाले नाहीत, नियम म्हणजे नियम. पण तो मुलगा पुढचे सहा आठवडे दर गुरुवारी माझ्याबरोबर तासभर बसला. न मागता.

अशा फरकांची यादी मोठी आहे. सॉफ्टवेअर तिकडे र्वान-च्येन, इकडे र्वान-थी. ट्रान्झिस्टरचा शब्दही वेगळा. लिपी तर वेगळीच, तैवानमध्ये जुनी, भरगच्च अक्षरं. चीनला जायचं असेल तर सुटसुटीत लिपी आणि एचएसके ही भाषेची परीक्षा, तैवानला यायचं असेल तर पारंपरिक लिपी आणि टीओसीएफएल ही इथली परीक्षा. पहिल्या दिवसापासून ठरवून शिका. मी आधी एक मग दुसरं केलं, त्यात दोन महिने गेले.


दूरदेशी | बुधवार, सकाळी ८.००

काजवा दादा, निलंग्याचा तो मुलगा मीच. नाव नाही लिहीत. दादा, मी शाकाहारी आहे आणि घरी आई चातुर्मासात कांदा-लसूणही करत नाही. तिचा पहिला प्रश्न हाच. दुसरा, आजारी पडलो तर? तिसरा माझा : हिशेबात गोंधळ होतो का, पैसे मोजताना?


काजवा | बुधवार, रात्री ९.१५

आईला सांग, काळजी करू नको. तैवानमध्ये शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत आणि बऱ्याच ठिकाणी पाटीवर स्वस्तिक असतं, बौद्ध परंपरेतलं. शाकाहाराला म्हणतात सू-श. त्यातही प्रकार आहेत : 'तान-नाय-सू' म्हणजे अंडं-दूध चालणारं, आणि 'छ्वेन-सू' म्हणजे पूर्ण शाकाहारी, ज्यात अंडं-दूध नाहीच आणि कांदा-लसूणही नाही. तुझ्या आईचा चातुर्मास इथे बारा महिने चालतो. पहिल्यांदा मी 'छ्वेन-सू' डबा घेतला आणि चव ओळखीची वाटली. आषाढी एकादशीनंतरचं आमच्या घरचं जेवण. अंडं नको असेल तर तसं ठामपणे सांग, कारण नुसतं 'सू' म्हटलं तर अंडं येऊ शकतं. डब्याला 'प्येन-तांग' म्हणतात. पोळी-भाकरीची आठवण मात्र येईल, त्याला इलाज नाही. मी ज्वारीचं पीठ घरून आणतो.

आजारपण : सहा महिने राहिल्यावर परदेशी विद्यार्थ्यांनाही इथल्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात घेतात. पहिल्या सहा महिन्यांसाठी वेगळा विमा काढावा लागतो. काम करायचं असेल तर परवाना काढून सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच. पहिल्या वर्षी करू नकोस. भाषा आणि अभ्यास दोन्ही एका वेळी पुरे आहेत.

पैसे : इथे आपल्याला फायदा आहे. चिनीत दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, 'वान'. लाखाला नाही. लाख म्हणजे दहा वान, दहा लाख म्हणजे शंभर वान, कोटी म्हणजे हजार वान, आणि दहा कोटीला पुन्हा नवा शब्द 'ई'. मिलियनमध्ये विचार करणारे अडकतात. तू दहा वानांचा एक लाख धर, झालं. अर्ज भरताना वर्षाकडे लक्ष दे. सरकारी कागदावर मिन-क्वो वर्ष असतं, इसवी सनातून १९११ वजा करायचे. आपल्या शके सनासारखंच, तिथे ७८ वजा करतो. माझ्या पहिल्या अर्जावर मी २०२३ लिहिलं, बाईंनी हसून ११२ करून दिलं.

कागदपत्रं लवकर काढ. पदवी आणि गुणपत्रिकांवर तैवानच्या भारतातल्या कार्यालयाची मोहोर लागते. आधी दिल्ली किंवा चेन्नई गाठावं लागायचं, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईतही कार्यालय आहे. तुझी एक खेप वाचेल.


सोलापूरकर | गुरुवार, संध्याकाळी ६.३०

हा धागा वाचताना सारखी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येत होती. आमच्या सोलापूरचे. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, लहानपणी शाळेनं नेलं होतं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस मागे राहिले, चिनी बोलायला आणि लिहायला शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता तिथल्या मुलांना चिनीतून वैद्यक शिकवलं. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय ३२. त्यांच्या मुलाचं नाव 'यिन-हुआ' होतं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

त्यांच्यापाशी ना मोबाइलमधला शब्दकोश, ना भाषावर्ग. उत्तररंग, तुम्ही त्या आजींचं 'स्वान' लिहिलंत तेव्हा वाटलं, कोटणीसांनाही असंच कुणीतरी 'स्वान' म्हटलं असेल. आणि त्यांच्या कानात सोलापूरचं 'आंबलं' वाजलं असेल का?


उत्तररंग | गुरुवार, रात्री ११.४५

सोलापूरकर काका, हे मी आज रात्री वसतिगृहात दोन-तीनदा वाचलं. शिच्याच्वांगला त्यांची समाधी आहे, आमच्याकडून रेल्वेनं जाता येतं. अजून गेलो नाही. या ९ डिसेंबरला जातो.


रानजाई | शुक्रवार, सकाळी ७.२०

काजवा, तीन रकान्यांची ती वही टंकून इथे टाकशील का? रसायनाचे दीडशे शब्द माझ्याकडे आहेत, मी भर घालते. चीन आणि तैवानचे शब्द वेगळे दाखवायला चौथा रकाना कर.


काजवा | सोमवार, रात्री १०.५०

रानजाई ताई, चौथा रकाना केला. आत्तापर्यंत ६२० शब्द टंकून झालेत, रविवारपर्यंत टाकतो. तुमचे दीडशे पाठवा. मराठी शब्दांसाठी शाळेची जुनी विज्ञानाची पुस्तकं बहिणीकडून फोटो काढून मागवली आहेत.

उशीर झाला कारण आज नव्या सत्राचा पहिला तास होता आणि या वर्षी त्या वर्गाचा चू-च्याव मी आहे. पहिल्या बाकावर व्हिएतनामची एक मुलगी बसली होती. सर बोलायला लागले आणि तिचं पेन पाच मिनिटांत थांबलं. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. सुट्टी झाल्यावर मी फळ्यावर एक मॅट्रिक्स काढलं, आडवा बाण काढून 'लिये' लिहिलं, उभा बाण काढून 'हांग' लिहिलं, आणि तिला विचारलं, गुरुवारी दुपारी वेळ आहे का.